भाताच्या खाचरात गाडी कशी लावावी

गणपतींचे विसर्जन झाले, परतीचा पाऊस रेंगाळला आणि हवामान खात्याने घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट दिला, की मुंबईकराने सामान भरायला घ्यावे. गेल्या शनिवारी-रविवारी मी भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र काढली. तेथे भेटलेल्या थोर निसर्गप्रेमींकडून जे शिकलो, ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

निघण्यासाठी शनिवारची पहाट उत्तम. कसारा घाटाविषयी काही लिहीत नाही. आपण सगळेच तेथे होतो.

तंबू अगदी पाण्याच्या काठी आणि शक्यतो खोलगट जागी लावून घ्यावा, म्हणजे जाहिरातीतल्यासारखा फोटो येतो. तंबू ‘वॉटरप्रूफ’ आहे असे आयोजक सांगतात ते खरेच असते: मध्यरात्री आत शिरलेले पाणी सकाळपर्यंत बाहेर जात नाही.

स्पीकर मोठा न्यावा.

धबधब्याखाली उभे असताना डोक्यावर ऊन असेल, तर निश्चिंत राहावे. पाऊस वर रतनगडाच्या किंवा घाटघरच्या बाजूला पडतो आणि त्याचे पाणी ओढ्याने काही वेळाने खाली येते, हा गावकऱ्यांचा गैरसमज समजावा. निवळशंख पाणी एकाएकी गढूळ झाले आणि त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, की शिट्टी वाजवून बाहेर बोलावणाऱ्या गावातल्या पोराला ‘तू आम्हाला शिकवू नकोस’ असे सुनवावे आणि आणखी एक रील काढावी. रंधा धबधब्यावर तर विसर्गाची सूचना मुळीच वाचू नये. वर 1926 साली बांधून पूर्ण झालेले धरण आहे आणि त्यातून सोडलेले पाणी याच प्रवरेतून येते, हे कळले तर सहलीची मजा जाते.

आता मुख्य विषय, म्हणजे गाडी. धरणाभोवतीच्या रस्त्यावर धबधब्यासमोर जागा मिळत नाही, तेव्हा शेजारचे हिरवेगार, सपाट, जणू आपल्यासाठीच राखून ठेवलेले मैदान पाहावे आणि गाडी सरळ खाली उतरवावी. त्या मैदानाला खाचर म्हणतात, त्यातल्या गवताला भात म्हणतात आणि मध्ये येणाऱ्या मातीच्या अडथळ्याला बांध म्हणतात, पण हे तपशील शेतकऱ्यांसाठी असतात. माझ्यासमोर एका पांढऱ्या, उंच गाडीने हे फार सफाईने केले. तिचे पुढचे चाक बांध फोडून रुतले आणि खाचरातले पाणी त्या खिंडारातून खालच्या खाचरात माती घेऊन पळू लागले. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या एक आजी धावत आल्या आणि म्हणाल्या, “दादा, तेवढी गाडी काढा ना.” गाडीचे मालक म्हणाले, “पाच मिनिटं, काकू.” मग ते धबधब्यावर गेले. पाच मिनिटांचे तीन तास झाले. तेवढ्या वेळात त्यांच्या सोबत्यांपैकी तिघांनी उरलेल्या भातात उभे राहून फोटो काढले. त्यांतल्या एकीने लोंबी तोडून केसांत माळली.

सप्टेंबरच्या अखेरीस तिकडचे भात निसवत असते, म्हणजे त्याच्या लोंब्या बाहेर पडत असतात, अहो! दाणा भरायच्या आधी त्याला खाचरात पाणी लागते आणि नेमके तेच तुम्ही वाहून घालवलेत. चाकाखाली चिरडलेला चूड पुन्हा उभा राहत नाही. डोंगरउतारावरच्या या पट्ट्यांत पावसावर वर्षाचे एकच पीक निघते. ज्याच्या वासासाठी तुम्ही मुंबईत इंद्रायणीचे पुडे महागाने घेता, तेच तेथे पायाखाली होते.

संध्याकाळी गावातल्या चौघांनी पावसात ती गाडी ढकलून वर काढली. मालकांनी खिडकीची काच चार बोटे खाली करून शंभराची नोट बाहेर धरली. ती कोणी घेतली नाही, तेव्हा ‘बघा, माज किती आहे’ असे सोबत्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून ते निघून गेले. आजींनी फावडे आणले आणि अंधार पडेपर्यंत बांधावर माती ओढली. मी मदतीला गेलो, तर मला नीट माती लावता येईना. त्यांनी माझ्या हातून फावडे काढून घेतले.

चेष्टा पुरे झाली. पांढऱ्या गाडीचे मालक, तुम्ही सोसायटीत दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावून पाहा. पाच मिनिटांत वॉचमन, सेक्रेटरी आणि चाकाला साखळी हजर होते आणि तुम्ही निमूटपणे माफी मागता. ही जमीनही कोणाची तरी आहे, हे तुम्हाला ठाऊक होते. मालकीण म्हातारी होती, एकटी होती आणि ‘दादा’ म्हणत होती, म्हणून तुम्ही थांबला नाहीत. तुमच्या टायरच्या खाचांमध्ये अजून तिच्या खाचरातली माती असेल. धुण्याआधी एकदा खाली वाकून बघा.