पाऊस थांबला होता, मग घिरट्या कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पावसाळ्यात मुंबईत उतरण्याआधी विमानांना आकाशात घिरट्या घालत का थांबवतात (याला होल्डिंग म्हणतात), या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: अंधेरीत पाऊस थांबलेला असताना विमानं पाऊण तास फिरवली आणि एक तर शेवटी अहमदाबादला पाठवलं, तेव्हा हवामान हे निमित्त आणि खरं कारण ढिसाळ नियोजन. ट्रॅकिंग अ‍ॅपवर फेऱ्या अंड्यासारख्या वाकड्या दिसल्या, एकाच फेरीत वेग २२० ते ३०० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असा खालीवर होत होता, म्हणजे वैमानिकाचा गोंधळ. आणि थांबवायचंच तर जमिनीवर थांबवावं. शेवटचा मुद्दा निम्मा मान्य, बाकीचे नाहीत. पण वेगाचे आकडे टिपून ठेवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यांच्यातच आहे.

अ‍ॅपवर दिसतो तो जमिनीच्या सापेक्ष वेग. वैमानिक सांभाळतो तो हवेच्या सापेक्ष. वारा पाठीशी असेल तर बेरीज, समोरून असेल तर वजाबाकी. आता ३०० मधून २२० वजा करून निम्मे करा: ४० नॉट वारा. दोन्हींची सरासरी २६० नॉट, हा विमानाचा हवेतला खरा वेग. १०,००० फुटांवर हवा विरळ असल्याने वेगमापकाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो; काट्यावर २२० नॉट धरले की खरा वेग साधारण २६० भरतो. १४,००० फुटांपर्यंत होल्डिंगची आंतरराष्ट्रीय मर्यादा काट्यावर २३० नॉट आहे. म्हणजे ज्याला तुम्ही गोंधळ म्हणता, त्या वैमानिकाने वेग नेमका धरून ठेवला होता.

आकाराचंही तेच. पुस्तकातली फेरी चार मिनिटांची असते: मिनिटभर वळण, मिनिटभर सरळ धाव, पुन्हा वळण, पुन्हा धाव. पण विमान २५ अंशांपेक्षा जास्त कलवायचं नसतं, त्यामुळे २६० नॉट वेगाला प्रत्येक अर्धवळण दीड मिनिट घेतं आणि फेरी पाच मिनिटांवर जाते. त्या दीड मिनिटात ४० नॉट वारा विमानाला जवळजवळ दोन किलोमीटर वाहवत नेतो. वळताना याचा बंदोबस्त करता येत नाही. सगळी भरपाई सरळ धावेत करावी लागते. वारा कडेने असेल तर ठरलेल्या बिंदूकडे येताना नाक जेवढे अंश वाऱ्याकडे ठेवायचं, त्याच्या तिप्पट दूर जाताना ठेवायचं: एक पट त्या धावेसाठी, दोन पट दोन वळणांसाठी. तुमच्या वाऱ्याला हे ९ आणि २७ अंश होतात. दूर जाताना वारा पाठीशी असेल तर दर नॉटमागे एक सेकंद कापायचा, म्हणजे ६० सेकंदांची धाव २० सेकंदांवर येते. पूर्वी हे घड्याळ लावून करत, आता उड्डाण-संगणक करतो. अशा फेरीचा जमिनीवरचा माग अंडाकृती निघाला नाही तरच शंका घ्यावी. शिवाय एकाच बिंदूवर विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक रचलेली असतात आणि सर्वांत खालचं सुटलं की बाकीची एकेक पायरी उतरतात. मान्सूनमधला पश्चिमेचा वारा साधारण पाच हजार फुटांच्या आसपास सर्वांत जोरदार असतो, त्यामुळे पायरीगणिक आकार बदलतो.

आता मुख्य प्रश्न, पाऊस नसताना थांबवलं का. समोरचा वारा उतरायला चांगला, हे खरं. रांगेला मात्र वाईट. दोन विमानांमध्ये पाच सागरी मैल अंतर ठेवायचं आणि उतरण्याचा वेग १३५ नॉट, असं धरा. वारा शांत असेल तर एक विमान १३३ सेकंदांत पाच मैल कापतं. समोरून ३० नॉट असेल तर १७१ सेकंद लागतात. तासाला २७ ऐवजी २१ विमानं. कोरड्या आभाळाखालीसुद्धा तासात सहा विमानं तुंबली! लंडनच्या हीथ्रोवर याच कारणासाठी २०१५ पासून जोरदार वाऱ्यात मैलांऐवजी सेकंदांत अंतर मोजतात. मुंबईत भर अशी की दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एकच हाती उरते आणि उतरणाऱ्या दोघांच्या मध्ये एक उड्डाणही बसवायचं असतं. ओल्या धावपट्टीवरून विमान बाहेर पडायला जास्त वेळ घेतं. मागचं विमान तोवर जवळ आलं की गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर, आणि ते परत रांगेत.

मुख्य धावपट्टी २७ वर विमानं पूर्वेकडून, नवी मुंबई, ठाणे खाडी आणि घाटकोपरवरून येतात. तिकडे गडगडाटी ढग उभा असेल तर अंधेरीतल्या उन्हाचा काही उपयोग नाही. मग दुसरी, १४ क्रमांकाची धावपट्टी वापरा, असं सुचेल. पण नैऋत्येचा वारा तिला जवळजवळ काटकोनात लागतो. १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं आणि ५ जुलैपर्यंत सगळी भिस्त त्या दुसऱ्या धावपट्टीवर होती. उड्डाणं किती रद्द झाली ते मुंबईकरांच्या लक्षात असेल.

अहमदाबादचं गणित इंधनाचं. ए३२० जातीचं विमान होल्डिंगमध्ये मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळतं, म्हणजे फेरीला २००. टाकीत पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन अधिक तिथे १,५०० फुटांवर ३० मिनिटं पुरेल इतका साठा, एवढंच उरलं की उतरण्याची खात्री नसेल तर निघावंच लागतं. पुढच्या दहा मिनिटांत ढग सरेलही, पण त्यावर पैज लावायची नसते. जानेवारी १९९० मध्ये आव्हियांका या कोलंबियाच्या कंपनीचं ०५२ हे विमान न्यूयॉर्ककडे येताना तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटं फिरत राहिलं. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, इंजिनं बंद पडली आणि ७३ जण गेले. आज ‘मिनिमम फ्युएल’ (इंधन जेमतेम) आणि ‘मेडे फ्युएल’ (इंधनाची आणीबाणी) या ठरीव घोषणा आहेत. पहिलीने फक्त सूचना मिळते, अग्रक्रम दुसरीने.

राहिलं जमिनीवर थांबवणं. ते होतं; मुंबईची क्षमता घटणार असं दिसलं की दिल्ली-बंगळुरूहून निघणाऱ्यांना उशिराच्या उड्डाणवेळा दिल्या जातात. पण घटणार हे दोन तास आधी कळायला हवं, आणि तासाभरात उभ्या राहणाऱ्या ढगाचं तसं भाकीत होत नाही. लंडनहून निघालेलं विमान तोवर अरबी समुद्रावर पोचलेलं असतं. वारा मात्र आधी कळतो. नुसत्या वाऱ्याच्या दिवशीही पाऊण तास फेऱ्या होत असतील, तर नियोजनाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे.