प्वारोचं सुतक

आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की पान पुरत नाही. त्यातले निम्मे दादर-डोंबिवलीला. काही गणपतीत उगवतात, काही थेट वाटणीचा विषय निघाला की. यांतल्या कुणाला चहात साखर चालते नि कुणाला नाही, देव जाणे. पण फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या तोंडून 'ट्टॉक' कधी निघणार, हे मी पान उलटायच्या आधी सांगते. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना मी ओळखत नाही आणि ज्यांना ओळखते त्यांचा गुंठाभरही हिस्सा नाही. त्यामुळेच संबंध टिकले असावेत.

भा. रा. भागवतांचा हा फास्टर फेणे पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्यापेक्षा मोठा होता. मनातल्या मनात मी त्याला दादा म्हणायचे. मग मी बारावी झाले, हा त्याच्या विद्याभवन शाळेतच. माझं लग्न झालं, हा विद्याभवनातच. आता चष्मा सावरत वाचते तेव्हा चोर-दरोडेखोरांचं काही वाटत नाही. पोरगं सकाळपासून सायकलवर आहे, पोटात काही गेलंय की नाही, एवढाच घोर. दादाचा नातू झाला, आणि मधल्या मधे मला कुणी विचारलंही नाही.

कोकणात ही माणसं सांभाळायची म्हणजे व्रतच. जुलैत कपाट उघडलं की पुठ्ठ्यांवर बुरशी. ती पुसा, डांबरगोळ्या घाला, ऑक्टोबरात अंगणात उन्हं दाखवा. चिपळुणात १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पुराचं पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. तिथल्या नातेवाइकांना फोन लावून मी दुसरा प्रश्न कशाचा विचारला, ते जाऊ दे. (पहिला माणसांचाच होता.)

पण माझं खरं दुखणं म्हणजे शेवटचा भाग. मालिकेतलं शेवटचं पुस्तक मी वाचत नाही. लेखकांचा काही भरवसा नाही हो. कॉनन डॉयलसाहेबांनी १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकलून दिलं आणि लोकांनी एवढा आकांत केला की अखेर १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणावं लागलं. अगाथा ख्रिस्तीबाई त्याहून पक्क्या. त्यांच्या गुप्तहेर प्वारोचा शेवट त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून तिजोरीत ठेवला, आणि पुढे तीसेक वर्षं त्याला खुनी शोधायला पाठवत राहिल्या! सगळं ठरलेलं, फक्त त्या बिचाऱ्याला पत्ता नाही. ते पुस्तक यायच्या सुमारास, ६ ऑगस्ट १९७५ ला, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं चक्क पहिल्या पानावर प्वारोची निधनवार्ता छापली. आमच्याकडे खऱ्या माणसाला आतल्या पानावर जागा मिळायची मारामार.

ही बातमी मला भाच्यानं दिली, गणपतीत, ऐन पंगतीत. मी मोदकांचं ताट तसंच घेऊन स्वयंपाकघरात परतले. सासूबाईंनी डोळे पाहिले.

"कोण गेलं गो?"

"प्वारो."

"कुठले? देवरुखचे?"

"बेल्जियमचे."

"वय?"

काय सांगणार! १९२० साली पहिलं पुस्तक आलं, त्यातच हे पोलिसातून निवृत्त. सासूबाईंनी बोटांवर हिशेब मांडला.

"म्हणजे शंभरी कधीच उलटली होती की! सोनं झालं. दुखणं काढलंन का?"

"ते शेवटच्या पुस्तकात आहे. मी वाचणार नाही."

"नको वाचू. आणि आपल्याला त्यांचं सुतक नाही. तूप घे, मोदक गार होतायत."

ते पुस्तक आता ट्रंकेत तळाशी आहे, डांबरगोळ्यांसकट. न वाचलेलं आहे तोवर प्वारो कुठेतरी मिशांना पीळ देत बसला असणार, असा माझा हिशेब. अडचण एकच. पावसात वीज गेली होती तेव्हा ह्यांनी कंदिलाशी बसून ते वाचून काढलंय. खून कुणी केला यात ह्यांना उभ्या जन्मात रस नव्हता. पण बायकोला धाकात ठेवायला असं हत्यार पुन्हा कुठलं मिळायला?

परवा बाजारात जायची पाळी ह्यांची. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. हे पडवीत झोपाळ्यावर.

"बांगडे आणतेस, की तो कसा गेला ते सांगू?"

मी छत्री घेतली. बांगडे महाग होते, तरी आणले.