नाणेघाट खालूनच चढायचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘नाणेघाट वैशाखऱ्याकडून पायी चढा, घाटघरकडून गाडीने जाऊ नका’ या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारी जुनी व्यापारी वाट; वैशाखरे तिच्या पायथ्याला, घाटघर माथ्यावर. तुमच्या तक्रारी अशा: वाटेत पाणी कुठे मिळतं ते मी लिहिलं नाही. इतिहास आणि प्राणी-पक्षी एकाच वाटेवर शोधायला गेलं की धड काहीच पाहून होत नाही. शीळकरी कस्तूर या पक्ष्याच्या घरट्याची जागा मी जाहीर करायला नको होती. आणि शेवटचं वाक्य: ‘एकूण लेख घरबसल्या लिहिलेला वाटतो.’

पाण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. घाटाच्या वरच्या टोकाला असलेल्या जुन्या गुहेजवळ पाण्याची कोरीव टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी चढू नये. माणशी तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच न्यावं. ही ओळ लेखात घातली आहे, त्याबद्दल आभार.

आता ते ‘घरबसल्या’. तुम्ही शब्द टाकून मोकळे झालात, मला तो दोन दिवस झोंबतो आहे. एखाद्याला चूक दाखवणं वेगळं आणि तो खोटं लिहितो असं चारचौघांत म्हणणं वेगळं. तुम्ही दुसरं केलंत.

माझं गाव मुरबाड तालुक्यात, घाटाखाली. आजीचं माहेर वर, घाटघरच्या बाजूला. दिवाळीला आणि जत्रेला ती माहेरी जायची ती याच वाटेने, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. तिच्यासाठी ही सातवाहनांची वाट नव्हती, आईकडे जायची वाट होती. मी सहा वर्षांची असताना तिच्याबरोबर पहिल्यांदा चढले. झाडीत शिरलो की ती मला गप्प करायची. ‘बोलू नको, ऐक,’ एवढंच म्हणायची. कस्तूराची शीळ मी तिच्यामुळे ओळखायला शिकले, पुस्तकातून नाही. एखादा पोरगा उनाडपणे शिट्टी मारत चाललाय असं वाटावं अशी ती शीळ. आज मी पन्नाशी ओलांडली आहे आणि अजून वर्षातून तीन-चारदा तरी तो घाट चढते. गुडघ्यांना बांधून चढते. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत म्हणून सांगते आहे.

आणि खालूनच चढा असं मी का म्हणते? गाडीने आलं की आधी तो दगडी रांजण दिसतो, जकातीचा म्हणतात तो. मग लोक घळीतून थोडं खाली उतरतात, गुहेत डोकावतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. खालून येणाऱ्याला मात्र तीन तासांच्या चढणीनंतर, घळीच्या तोंडाशी, धाप लागलेली असताना ती गुहा भेटते. सोपाऱ्या-कल्याणहून जुन्नरकडे माल नेणारे तांडे इथे का टेकत असतील ते पाठ टेकवल्यावर कळतं. समोरच्या भिंतीवर सिमुक, नायनिका, सातकर्णी या सातवाहन राजा-राणींची नावं आहेत. त्यांच्या मूर्ती गेल्या, जेमतेम पावलं उरली आहेत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली, आकड्यांसकट. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली या लेण्याची नोंद केली. गावच्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे घाम पुसत बसत होत्या.

‘इतिहास वेगळा, वन्यजीव वेगळे’ हे मला पटतच नाही. जुनी वाट जाते ती डोंगराच्या नैसर्गिक खिंडीतून. माणसांना आणि बैलांना पाणी लागतं म्हणून तिथे टाकं खोदलं जातं. दोन हजार वर्षांनी तांडे गेले तरी टाकं राहतं आणि उन्हाळ्यात आसपासचं जनावर त्यावरच येतं. मागच्या वैशाखात पहाटे पोचले तर टाक्याच्या कडेला, झिजलेल्या पायरीवर, उदमांजराची ताजी विष्ठा पडली होती, करवंदाच्या बियांनी भरलेली. ज्या हातांनी ती पायरी खोदली त्यांचं काम आज त्या उदमांजराच्या उपयोगी पडतंय. मला वाट निवडताना हेच हवं असतं. दोन वाटांपैकी जुन्या पाण्याची वाट मी घेते, मग ती लांबची असली तरी. घरबसल्या हे सुचत नाही हो.

घरट्याचं म्हणाल तर ते ओहोळाच्या कडेला कपारीत आहे एवढंच मी लिहिलं होतं. पावसात त्या बाजूला ओहोळ कुठे नाहीत? यावर मला अधिक काही बोलायचं नाही. आणि गर्दी वाढेल ही काळजी असेल तर ती गाडीने येणाऱ्यांबद्दल करा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक मोठा गट वर स्पीकर लावून नाचत होता. मी आवाज कमी करा म्हटलं तर मला ‘मावशी, तुम्ही घरी बसा’ असं ऐकवलं. तुमचा शब्द मला इतका का लागला, ते कदाचित आता तुमच्या लक्षात येईल.

तुम्ही स्वतः ही वाट खालून चढला आहात की नाही ते प्रतिक्रियेत कुठेही नाही. चढला असाल तर कोणत्या महिन्यात आणि काय दिसलं ते लिहा, मी जरूर वाचेन. नसाल, तर नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा जाणार आहे. सकाळी सहाला वैशाखऱ्याच्या फाट्यावर भेटू. पाणी स्वतःचं आणा.