बस सुटायची, तेव्हा दिवस संपायचा

घरून काम करणाऱ्यांना दिनचर्येविषयी मिळणारे बहुतेक सल्ले पहाटेचे असतात. लवकर उठा, सूर्यनमस्कार घाला, आंघोळ करून नीट कपडे घालूनच कामाला बसा. यातले काहीच चुकीचे नाही. परंतु २०२० च्या मार्चपासून पुण्यात कोथरूडच्या घरातून काम करताना माझे असे मत झाले आहे की, आपल्या दिवसाची सुरुवात बिघडलेली नसून त्याचा शेवट हरवला आहे, आणि तो ठरवल्याशिवाय पहाटेचा कोणताही संकल्प आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

हिंजवडीच्या कार्यालयात जात होते तेव्हा चांदणी चौकातल्या कोंडीला आम्ही रोज नावे ठेवत असू, आणि ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. मात्र कंपनीची बस संध्याकाळी सव्वासहाला सुटत असे आणि 'माझी बस सुटेल' एवढे म्हणून उठून जाणाऱ्याला कोणी अधिक काही विचारत नसे. आता सुटायला बसच नाही, त्यामुळे उठायला सबबही नाही. शिवाय घर ते थांबा जाऊन-येऊन वीस मिनिटे भराभर चालणे नकळत होत असे, म्हणजे पाच दिवसांत शंभर मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. त्यातला दोन तृतीयांश भाग ज्या प्रवासाला आपण वैतागलो होतो तोच भरून काढत होता.

आमचा ग्राहक न्यूयॉर्कचा. त्यांच्याशी रोजचा कॉल तिथल्या सकाळी नऊला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेसातला येतो. तिकडच्या घड्याळाने इकडचा स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि संध्याकाळचे फिरणे सगळेच सरकते. कॉल नऊ वाजेपर्यंत लांबला की जेवायला साडेनऊ होतात आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे हा डॉक्टरांचा सल्ला पाळायचा, तर झोपायला मध्यरात्र उलटते. त्यात कॉलच्या आधी तरतरीसाठी घेतलेला चहा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात, हे कळल्यापासून तो चहा मी दुपारी चारवर आणला. एवढ्या एका बदलाने माझी झोप जितकी सुधारली, तितकी कोणत्याही अॅपने सुधारली नव्हती.

दुपारच्या खाण्याचा उपाय मात्र घरात थट्टेचा विषय झाला. स्वयंपाकघर आठ पावलांवर असल्यामुळे दर तासाला चिवड्याच्या डब्यात हात जात असे, म्हणून मी पूर्वीसारखा सकाळीच डबा भरू लागले. दोन पोळ्या, भाजी, काकडी. एक वाजता तो लॅपटॉपपासून दूर बसून खायचा आणि त्याबाहेर काही नाही. खुर्ची, मान आणि डोळे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी फार सांगत नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने मान किंवा मनगटे यांपैकी एकाला त्रास ठरलेलाच, तेव्हा वेगळा कळफलक घ्या आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवा.

खरी अडचण निराळीच आहे. नवऱ्याच्या खोलीचे दार लागले की तो 'कामात आहे' असे घर समजते. माझे दार लागले तर सिलिंडरवाला, कुरिअरवाला आणि उतू जाणारे दूध यांपैकी कोणीही ते वाजवू शकते. मग दिवसभरात तुटलेले काम रात्री भरून काढले जाते आणि शेवट आणखी पुढे ढकलला जातो. म्हणूनच दिनचर्या ही एकट्या माणसाच्या निश्चयाची गोष्ट आहे, हे मला पटत नाही. तिच्यात घराचा वाटा असतो आणि कंपनीचाही. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करायला लावले, ते काही तिथले लोक आळशी होते म्हणून नव्हे.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत थांबण्यापेक्षा मी गेल्या नोव्हेंबरात वरिष्ठांना सरळ विचारले की, हिवाळ्यातही कॉल आपल्या साडेसहालाच ठेवता येईल का. तिकडचे लोक आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या सकाळी आठला बसायला तयार झाले. आजवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या तीन दिवशी रात्री आठच्या ठोक्याला लॅपटॉप कपाटात जातो आणि मी चप्पल घालून थांब्यापर्यंत जाऊन येते. उरलेल्या दोन दिवशी कॉलच्या आधी पावणेसातलाच जेवून घेते. दिवेलागणीच्या सुमारास ताटावर बसू नये असे सासूबाईंचे ठाम म्हणणे आहे आणि तो वाद आमच्याकडे अजून चालू आहे.