आधी परवाना, मग लिस्टिंग

घर किंवा खोली दोन-चार रात्रींसाठी भाड्याने द्यायचं ठरलं की लोक आधी फोटो काढतात, एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमसारख्या बुकिंग ॲपवर खातं उघडून घराची जाहिरात (लिस्टिंग) टाकतात आणि परवान्याचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम साफ चुकीचा आहे. ॲपने तुमची ओळख तपासली म्हणजे प्रशासनाने परवानगी दिली, असं होत नाही.

अर्जाचं शुल्क बऱ्याच ठिकाणी परत मिळत नाही. म्हणून फॉर्म हातात घेण्याआधी चार कागद नीट वाचा: भाडेकरार (घर तुमचं नसेल तर), सोसायटीचे नियम, गृहकर्जाच्या अटी आणि विम्याची पॉलिसी. पोटभाड्याला किंवा व्यावसायिक वापराला यांपैकी एकात जरी मनाई असली, तरी परवाना मिळूनही तुम्ही अडचणीत येता. घरमालकाची संमती लेखी घ्या, आणि त्यात 'अल्पमुदतीचं भाडं' हे शब्द असू द्या. 'भाड्याने द्यायला हरकत नाही' एवढ्या मोघम पत्रावर अर्ज त्रुटीत निघू शकतो. घरगुती विमा पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान सहसा भरून देत नाही, त्यामुळे कंपनीकडून लेखी उत्तर मागवा.

मग प्रश्न येतो की त्या भागात, त्या इमारतीत हा वापर चालतो का. इथे शहरागणिक नियम इतके वेगळे आहेत की दुसऱ्याचं ऐकून काही करूच नये. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. तिथे साधारण निवासी घरात ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम द्यायचा तर यजमानाने स्वतः तिथे राहायला हवं आणि पैसे देणारे पाहुणे दोनच. सॅन फ्रान्सिस्कोत ते घर तुमचं मुख्य निवासस्थान लागतं, म्हणजे वर्षात किमान २७५ रात्री तुम्ही तिथे राहायचं. लंडनमध्ये वेगळी नियोजन परवानगी (प्लॅनिंग परमिशन) न घेता घर वर्षाला ९० रात्रींपर्यंत भाड्याने देता येतं, जपानच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात १८० दिवसांपर्यंत. बार्सिलोनाने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटक-फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याने हे खरेदीआधी पाहायचं असतं.

रात्रींच्या मर्यादेत हमखास होणारी चूक हिशेबाची. मर्यादा घराला असते, ॲपला नाही. एका ॲपवर ६० आणि दुसऱ्यावर ४० रात्री दिल्या तर लंडनमध्ये तुम्ही १०० वर गेलात, आणि दोन्ही ॲपचे आकडे मात्र मर्यादेच्या आत दिसतील. वर्षही कुठून कुठपर्यंत धरतात ते विचारा. जपानमध्ये ते १ एप्रिलच्या दुपारी बारापासून मोजतात, शिवाय दर दोन महिन्यांनी मुक्कामांचा अहवाल द्यावा लागतो. थेट आलेल्या बुकिंगसह सगळं एकाच वहीत लिहा.

तपासणीत घर नापास होण्याची कारणं साधी असतात. तळघरातल्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी नसते आणि तरी ती बेडरूम म्हणून दाखवलेली असते. स्मोक अलार्म जेवणघरात एकच, झोपायच्या खोल्यांत नाही. असला तरी जुना. साधारण १० वर्षांनी तो बदलावाच लागतो, उत्पादनाची तारीख मागच्या बाजूला असते. गॅस किंवा लाकूड जळत असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, कारण त्या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. दाराला आतून किल्लीशिवाय उघडेल असं कुलूप ठेवा. सोफा-कम-बेड वाढवून पाहुण्यांची संख्या वाढवू नका. परवान्यातली संख्या हीच लिस्टिंगमधली संख्या. परवान्याच्या बाकी अटींवर वाद घालता येईल, पण यांतल्या एकातही सूट मागणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पाहुणा अनोळखी घरात झोपलेला असतो, रात्री धूर झाला तर जिना कुठे आहे हे त्याला माहीत नसतं.

कराची नोंदणी परवान्यापेक्षा वेगळी असते, हे विसरलं जातं. काही ठिकाणी मुक्काम-कर ॲपच वसूल करून भरतं, पण थेट बुकिंगवरचा तुम्हालाच भरायचा. एकही पाहुणा आला नाही अशा तिमाहीचं शून्य विवरणपत्रही बऱ्याच ठिकाणी भरावं लागतं.

परवाना आला की त्याचा क्रमांक प्रत्येक लिस्टिंगवर टाका. युरोपीय संघाचा २०२४/१०२८ हा नियम २० मे २०२६ पासून लागू आहे. जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथले क्रमांक आणि मुक्कामांची माहिती ॲपना प्रशासनाला द्यावी लागते. मला हे योग्य वाटतं. शेजाऱ्यालाही आपल्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते कळायला हवं. पण एक खोली देणाऱ्या निवृत्त माणसाला आणि वीस फ्लॅट चालवणाऱ्या कंपनीला एकच शुल्क, एकच फॉर्म, हे अन्यायाचं आहे. खोली देणारा कंटाळून अर्जच करत नाही आणि मग त्याच्या घरचे अलार्म तपासायला कुणी जात नाही.

नूतनीकरणाची तारीख मुदतीच्या तीन महिने आधी कॅलेंडरमध्ये टाका. आणि घर विकत घेताना 'परवान्यासकट' असं कुणी म्हणालं तर कार्यालयात जाऊन खात्री करा. बऱ्याच ठिकाणी तो परवाना मालकाच्या नावाचा असतो, घराबरोबर येत नाही.