कॉलेज निवडताना मुलाला मध्ये घेऊ नये

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरात पहिलं काम कोणतं? पेढे नव्हे. पुण्याच्या आत्याला फोन. पुण्यात आत्या नसेल तर मावशी चालवून घ्या, पण पुण्याचीच हवी. आणि ज्याला कॉलेजात जायचंय त्याला त्या वेळी कोपऱ्यावर पोहे आणायला पिटाळा. शेव वेगळी, जिरावण जास्त, पाव किलो जिलबी. रांगेत अर्धा तास सहज मोडतो. तेवढ्यात त्याच्या आयुष्याचं ठरवून टाकता येतं.

हे सगळं मी स्वानुभवावरून सांगतोय. गेल्या वर्षी रामबागेत ताईकडे भाच्याची निवड पार पडली, तेव्हा मी मामा म्हणून हजर होतो.

आत्याबाईंनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "दादा, इकडे पाठव त्याला, आपल्या माणसांत राहील." हे वाक्य तुम्हीही शिरोधार्य माना. होळकरांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या तरी आपली माणसं पुण्यातच असतात. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, अर्जाला तेवढी ठाऊक नाही. अर्ज मातृभाषा विचारत नाही, बारावी कुठून केली ते विचारतो. एनआयटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या, निम्म्या जागा त्या-त्या राज्यातून बारावी झालेल्यांना. म्हणजे भोपाळच्या एनआयटीत आपला मुलगा घरचा आणि नागपूरच्या एनआयटीत परराज्यातला. तरी यादीत नागपूरच वर टाका. भोपाळला कोण आहे आपलं? फक्त राखीव जागा.

आयआयटी तर सिमरोलला, घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. भाऊजींना वाटायचं, गावच्या मुलाला थोडं झुकतं माप मिळत असेल. आयआयटीत राज्याचा कोटाच नसतो हे त्यांना सांगू नका. आम्ही सांगितलं, तर म्हणाले, "मग इथे कशाला बांधली?"

आत्याबाईंची आणखी एक सूचना होती. "एवढं लांब नको वाटत असेल तर तुमच्याकडे ते डेली कॉलेज आहे ना, केवढं भव्य, तिथेच घाला." ती शाळा आहे, हे त्यांना तिघांनी तीनदा सांगितलं. "नावात कॉलेज आहे ना?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आता प्रत्यक्ष पाहणी. कॉलेज बघायला जाल तेव्हा गेट बघा. गेटवर खर्च करणारी संस्था आत कशाला काटकसर करेल? मग होर्डिंग बघा. सर्वांत मोठं पॅकेज लाखांत लिहिलेलं असतं, ते आपल्या मुलाच्या नावापुढे लावून एकदा मोठ्यांदा वाचा. तो आकडा एकाच मुलाचा असतो, बाकीची पोरं होर्डिंगवर मावत नाहीत. एनआयआरएफच्या, म्हणजे कॉलेजांची सरकारी क्रमवारी लावणाऱ्यांच्या, साइटवर कॉलेजांनी स्वतःच भरून दिलेली माहिती पडलेली असते: किती मुलं वेळेत पास झाली, कितींना नोकरी लागली, मधला पगार किती, पुढे शिकायला किती गेले. तिकडे फिरकू नका, जेवण जात नाही.

प्रयोगशाळा दाखवतातच, तेव्हा लांबूनच मान डोलवा. मी एका ठिकाणी (नाव विचारू नका) उगाच जवळ गेलो. ऑसिलोस्कोप ओळीने मांडलेले. पडद्यांवरचं पारदर्शक प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि त्या प्लास्टिकवर हळदीकुंकवाची बोटं. खंडेनवमीची असावीत. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. भाच्याने बोटाने एक डाग खरवडून बघितला, तो निघाला नाही. सोबतचे सर म्हणाले, "आमच्याकडे यंत्रांची फार काळजी घेतात."

मुख्य समारंभ म्हणजे जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेच्या, साइटवर पसंतीक्रम भरण्याची रात्र. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, भोवती भाऊजी, ताई, मी, शेजारचे काका आणि स्पीकरवर आत्या. मुलाला बसायला जागा उरली तर बघा. इथला सुवर्णनियम असा की मिळण्यासारखं आहे तेच वर भरा. संगणक रँकप्रमाणे यादी वरून खाली वाचतो आणि जे पहिलं बसेल ते देतो, वरती मोठं स्वप्न लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. पण हे नियमावलीत लिहिलंय, आणि नियमावली वाचणारा मनुष्य शेजारच्या काकांएवढ्या आवाजात बोलू शकत नाही.

पुढे फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पुरे. फ्लोट म्हणजे सीट धरून ठेवायची आणि वरच्या पसंतीची वाट बघायची. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, शाखा वरची मिळाली तर हवी. भाऊजींनी हे तीन शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले होते. दुसऱ्या दिवशी ताईने त्याखाली दुधाचा हिशेब लिहिला.

या सगळ्यात भाचा एकदाच बोलला. त्याला होळकर सायन्स कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं होतं. टेबलावर एकदम शांतता. ते कॉलेज १८९१ सालचं, गावात कुणालाही रस्ता विचारा. अडचण एवढीच की गेटजवळ पॅकेजचा आकडा लावलेला नाही. काका म्हणाले, "बीएस्सी करून काय करणार?" भाचा म्हणाला, "एमएस्सी." यावरून मुलांना व्यवहार कसा कळत नाही ते तुमच्या लक्षात येईल.

शेवटी लांबच्या एका एनआयटीत, भाच्याने नावही न काढलेल्या शाखेत सीट लागली. भाऊजींनी फ्रीझ दाबलं. पेढे वाटले. आठवड्याने भाच्याच्या मोबाइलवर उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशचा मेसेज आला: होळकर सायन्स, बीएस्सी, जागा मिळाली. तो पोर्टल वेगळा, प्रवेश बारावीच्या गुणांवर, त्याला टेबल लागत नाही, काकाही लागत नाहीत. अर्ज कधी भरलास विचारलं, तर म्हणे, पोह्यांच्या रांगेत.

म्हणून वरचा पहिला सल्ला मागे घेतो. पोहे तुम्ही स्वतः आणा.

भाचा आता रोज स्कूटरवरून भंवरकुव्याकडे, होळकर सायन्सला जातो, हाताला कसल्यातरी ॲसिडचे डाग घेऊन परत येतो. पुण्याला मात्र अजून कुणी कळवलेलं नाही. आत्याबाई सगळ्यांना सांगतात, तो डेलीत आहे.