अग्रिप्पाच्या नाण्याचं ते फॉरवर्ड: एकेक थाप बघू

ते फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. "रोमन सम्राट अग्रिप्पाने इ.स.पूर्व 27 मध्ये पाडलेलं ब्राँझचं नाणं, डोक्यावर सोन्याचा राजमुकुट, जगात मोजकीच शिल्लक, किंमत कोटीत." एका दमात इतक्या थापा, कमाल आहे.

सम्राट? अजिबात नाही. अग्रिप्पा हा पहिल्या रोमन सम्राटाचा, म्हणजे ऑगस्टसचा, सेनापती, जिगरी दोस्त आणि पुढे जावई, इ.स.पूर्व 12 मध्ये ऑगस्टसच्या आधीच गेला, गादीवर कधी बसलाच नाही.

आता 27 ची भानगड. नाण्यावर 'तिसऱ्यांदा कॉन्सल' अशी अक्षरं आहेत (कॉन्सल म्हणजे रोममधलं वर्षभराचं सगळ्यात मोठं पद) आणि तो इ.स.पूर्व 27 ला तिसऱ्यांदा कॉन्सल होता हेही खरं, पण चौकातल्या पुतळ्याखाली साहेबांची पदं लिहिलेली असतात म्हणून पुतळा त्याच साली बसवला असं कोण म्हणतं का? बहुतेक जाणकार हे नाणं सम्राट कॅलिगुलाच्या काळात टाकतात, इ.स. 37 ते 41. कॅलिगुलाची आई अग्रिप्पिना ही अग्रिप्पाची लेक. पोरगं चोविशीत गादीवर आलेलं, स्वतःचा पराक्रम शून्य, मग घराणं दाखवायचं, बाप जर्मानिकस नाण्यावर, आई नाण्यावर, आईच्या सेस्टर्शियस नावाच्या मोठ्या नाण्यावर तर मागे खेचरं जुंपलेली गाडी पण आहे. गंमत म्हणजे रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की अग्रिप्पाचं कूळ साधं म्हणून कॅलिगुलाला त्याचा नातू म्हणवून घ्यायची लाज वाटायची! आणि इकडे आजोबांच्या नाण्यांचा हा ढीग.

राजमुकुट म्हणता तो फोटो झूम करून बघा की, कपाळाच्या वर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे आलेली दिसते. ऑगस्टसचा शत्रू सेक्स्टस पॉम्पे, त्याला अग्रिप्पाने इ.स.पूर्व 36 मध्ये समुद्रात हरवलं त्याचा तो मान, म्हणूनच मागच्या बाजूला समुद्रदेव नेपच्यून उभा, एका हातात डॉल्फिन, दुसऱ्या हातात त्रिशूळ.

ब्राँझ पण नाही खरं तर, 'अ‍ॅस' (हे नाणं त्याच प्रकारचं) तांब्याचं असायचं, सेस्टर्शियस पितळेचं, पण कलेक्टर लोक सगळ्यालाच ब्राँझ म्हणतात तर ते सोडून देऊ.

आणि दुर्मिळ तर मुळीच नाही हो, त्या काळातल्या सगळ्यात जास्त मिळणाऱ्या नाण्यांपैकी हे एक. झिजलेला पीस काही हजार रुपयांत मिळतो. चेहरा कडक आणि पाटिना (जुन्या धातूवर चढलेला रंगाचा थर) छान असेल तर भाव चढतो, पण कोटी? कुठल्याही ऑक्शनचे जुने निकाल काढून बघा.